लिहून देणार

गेल्या जानेवारीत आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभाची निमंत्रणपत्रिका माझ्या हाती आली. पाहुण्यांच्या यादीत माझे नाव होते आणि नावाआधी 'ज्येष्ठ साहित्यिक' असे छापले होते. ज्येष्ठ मी आहेच. साठी उलटलेल्या माणसाला ते नाकारता येत नाही. दुसरा शब्द मात्र टोचला. पत्रिका घेऊन आलेला कार्यकर्ता माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला म्हटले, "बाबा रे, पुढच्या वेळी एवढे काढून टाक." तो हसून म्हणाला, "काका, तुमी लिवता ना? मंग लेखक नाय त कोन?"

काहीतरी थातुरमातुर बोलून मी त्याची बोळवण केली. प्रश्नाची बोळवण मात्र झाली नाही. लिहितो तो लेखक, हे इतके सरळ आहे काय? सरळ असेल, तर तो शब्द आपल्या नावाआधी पाहून मला शरम का वाटावी? आणि सरळ नसेल, तर आज गावोगाव माणसे तो शब्द आडनावासारखा नावाला कसा जोडून घेतात? वर्षभर हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. जे सुचले ते आज मांडतो. काहींना ते आवडणार नाही. माझ्या घरच्यांना तर मुळीच आवडणार नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले मिरवणाऱ्यांचे. एक पुस्तक निघाले, पुष्कळदा पदरचे पैसे प्रकाशकाला मोजून निघाले, की माणूस लेखक झाला. मग प्रकाशनसमारंभ, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत फोटो. पुस्तक कोणी वाचले काय, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. अशा मंडळींना भालचंद्र नेमाडे यांनी 'लेखकराव' हे नाव दिले त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. नाव चिकटले, पण ज्यांना ते चिकटले त्यांची संख्या काही घटली नाही.

दुसरे उत्तर लाजणाऱ्यांचे. "छे हो, मी कसला लेखक! सहज सुचले ते खरडले, झाले." हे ऐकायला गोड लागते, आणि विनयाला आपल्याकडे मान असल्यामुळे त्यावर कोणी बोट ठेवत नाही. मी ठेवणार आहे. कारण गेली तीस वर्षे मी स्वतः हेच उत्तर देत आलो, आणि या विनयाच्या आड काय काय दडवता येते ते मला पुरते ठाऊक आहे.

२०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेण्यात आले. २०२२ च्या डिसेंबरात 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला शासनाचा पुरस्कार थोड्याच दिवसांत शासनानेच रद्द केला. दोन्ही वेळी काही लेखक उघड बोलले. दुसऱ्या वेळी काहींनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले, काहींनी पुरस्कार परत केले. आमच्या मित्रमंडळात तेव्हा चहाच्या पेल्याभोवती चर्चा झाली आणि ती एका वाक्यावर थांबली: "आपण कुठले एवढे मोठे लेखक? आपण बोलून काय होणार?" ते वाक्य माझेच होते. महिन्याभरानंतर त्याच मित्रमंडळातल्या एकाचा सत्कार झाला, तेव्हा मानपत्रात त्याला 'सिद्धहस्त लेखक' म्हटले होते. मानपत्राचा मजकूरही माझाच. म्हणजे शाल घेताना आम्ही लेखक असतो आणि सही द्यायची वेळ आली की नसतो. मिरवणाऱ्याला लेखकाचा मान हवा असतो, लाजणाऱ्याला लेखकाची जोखीम नको असते. आणि बहुतेक वेळा ही दोन माणसे एकाच अंगरख्यात राहतात.

'लेखक' हा शब्द मुळात फारशा मानाचा नव्हता. परंपरा सांगते की, महाभारत सांगितले व्यासांनी आणि ते उतरवून घेतले गणपतीने. लेखक गणपती, कवी व्यास. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा उल्लेख येतो, तेथे लेखक म्हणून नाव आहे ते सच्चिदानंदबाबांचे. ज्ञानदेवांना तेथे कोणी लेखक म्हटलेले नाही. ज्याला सांगायचे आहे तो सांगत होता, आणि ज्याचे अक्षर चांगले तो लिहीत होता. पुढे काळ बदलला, छापखाना आला, दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली, आणि लेखणी धरणाऱ्याला सांगणाऱ्याचा मान आयताच मिळाला. मान आला हे ठीक. पण सांगणाऱ्याच्या शिरावर जो भार होता, तोही बरोबर आला काय? माझ्या मते सारे भांडण येथे आहे.

लेखक या शब्दाचा तो जुना अर्थ अजून एका ठिकाणी जिवंत आहे. पनवेलला किंवा उरणला, जमिनीचे दस्त जेथे नोंदले जातात त्या कचेरीबाहेर जावे. 'दस्तलेखक' अशी पाटी लावून तेथे माणसे बसलेली असतात. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, जे सांगाल ते लिहितात. भाषा त्यांची, पण त्या भाषेचे बंधन त्यांच्यावर नाही. बंधन ज्याच्यावर येते त्याला आपल्या कज्जेदलालीच्या मराठीने फार नेमके नाव दिले आहे: 'लिहून देणार'. आणि ज्याला ते खत करून दिले जाते तो 'लिहून घेणार'. प्रत्येक खताच्या डोक्यावर ही दोन नावे असतात. लिहून देणाऱ्याला कदाचित अक्षरओळखही नसेल, तो अंगठा उठवील. पण शब्द त्याचा, आणि शब्द फिरवला तर कोर्टाची पायरी चढायची ती त्यानेच. बोलण्यातसुद्धा आपण पैजेवर येऊन म्हणतो, "लिहून देतो!" त्या वेळी आपल्याला हस्ताक्षराचा अभिमान नसतो. आपण शब्दाला बांधले जायला तयार आहोत, असे आपण सांगत असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. साहित्यात ज्याला लेखक म्हणावे तो दस्तलेखक नव्हे. तो लिहून देणार. बाकी जे सांगायचे ते या म्हणण्याचा पुरावा म्हणून.

पुरावा माझ्या गावापासून सुरू करतो. न्हावा आणि शेवा ही दोन निरनिराळी गावे. न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. भाताची खाचरे, मिठागरे, खाडीची मासळी यांवर जगणारी आगरी, कोळी, कराडी वस्ती. नवी मुंबईसाठी सरकारने १९७० पासून इथल्या जमिनी संपादन करायला घेतल्या. मोबदल्याचा प्रश्न पेटला, जासईचे दि. बा. पाटील पुढे झाले, शेतकरी रस्त्यावर आले, आणि १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखेला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. शेव्याचा कोळीवाडा उठून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात गेला; तिथली घरे पुढे वाळवीने पोखरली. १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून समुद्रावरचा पूलही येथवर आला. दोन गावांची नावे जोडून एकच नाव झाले, आणि आज जगातल्या कुठल्याही मोठ्या बंदरातल्या कारकुनाला ते लिहिता येते. एवढी कीर्ती कुठल्या कवीने आपल्या गावाला मिळवून दिली असेल? ती मिळवून दिली कारकुनांनी. त्या कारकुनांपैकी मी एक. बंदर सुरू झाल्यावर लवकरच एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो.

त्या कचेरीतले एक वाक्य वाचकांना सांगितले पाहिजे. जहाजाने माल जातो त्याचा मुख्य कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. आम्ही नुसते बी. एल. म्हणतो. निर्यात करणारा आपल्या कारखान्यात कंटेनर भरतो, दाराला सील ठोकतो आणि बंद पेटी बंदरात पाठवतो. जहाज कंपनीने आतला माल पाहिलेला नसतो. तरी कागदावर काहीतरी लिहिले तर पाहिजे. म्हणून मालाच्या वर्णनाआधी तीन शब्द छापतात: 'सेड टू कंटेन'. मराठीत सांगायचे तर 'आत म्हणे अमुक आहे'. म्हणे! चारशे खोकी तयार कपडे आहेत, असे पाठवणारा म्हणतो. आम्ही उघडून पाहिलेले नाही, मोजलेले नाही, आतून विटा निघाल्या तर आम्हांला विचारू नका. कारकुनाच्या दृष्टीने हे वाक्य अगदी रास्त आहे. जे पाहिले नाही त्याची हमी त्याने का द्यावी? निदान 'मी पाहिलेले नाही' हे तो कागदावर कबूल तरी करतो.

पण हेच वाक्य मनात धरून साहित्य लिहिले जाऊ लागले, तर? मला वाटते, तसे ते लिहिले जात आहे. फरक इतकाच की, कारकून जे कबूल करतो ते आपण करीत नाही. आमच्या भागातलेच पाहा. बंदर आल्यापासून आमच्याकडे लिहिणारे पुष्कळ झाले, ही आनंदाची गोष्ट. पण आम्ही काय लिहितो? हरवलेले मिठागर, बांधावरची चिंबोरी, खाडीवरचा वारा, आजीच्या हातची तांदळाची भाकर. सारे गोड आणि सारे बंद पेटीतले. जमीन गेली हे आम्ही लिहितो. ती जाताना घरात कोण कोणाशी कसे वागले, साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाल्यावर कोणी कोणाला फसवले, पैसा आला तेव्हा आम्ही त्याचे काय केले, हे लिहीत नाही. सरकारला दोष देणारी कविता लिहिणे सोपे असते. सरकार काही आपल्या पंगतीला बसत नाही. सख्ख्या भावाला दुखावणारे एक वाक्य लिहिणे कठीण. कोकणात, देशावर, विदर्भात निराळे घडत असेल असे मला वाटत नाही. ज्याच्या त्याच्या गावात एक पेटी सील ठोकून ठेवलेली आहे, आणि तिच्यावर जो तो 'म्हणे' लिहून मोकळा होतो.

आता माझी पेटी. लोकांच्या पेट्या उघडा म्हणायचे आणि आपली तशीच ठेवायची, हे बरे नव्हे.

आमच्या आजोबांच्या नावावर थोडी भातशेती होती, ती संपादनात गेली. भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा आजोबा वारले होते. वारस तीन: वडील, चुलते आणि आत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत लेकीला वाटा दिलेला आहे, हे मला ठाऊक होते. घरातला पहिला पदवीधर मी. पण बहिणीने भावाकडे वाटा मागायचा नसतो, मागितला तर माहेर तुटते, हा आमच्याकडचा कायदा त्याहून जुना. १९९७ साली वडील म्हणाले, "तू लिवतोस चांगला. कागद तूच कर." मी केला. हक्कसोडपत्राचा तो मसुदा मला अजून पाठ आहे. लिहून देणार म्हणून आत्याचे नाव, आणि खाली: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता. कचेरीबाहेरच्या दस्तलेखकाने त्यातला एक शब्द बदलला नाही. उलट मसुदा फार स्वच्छ उतरला आहे म्हणून माझे कौतुक केले. माझ्या लेखनाला मिळालेली ती पहिली जाणकार दाद.

आत्याने अंगठा उठवण्याआधी मला विचारले, "काय लिवलंस रं यात?" मी म्हटले, "भूखंड मिळायला सगळ्यांचा अंगठा लागतो." यात खोटे काही नव्हते. अंगठा लागत होताच. पण तिने विचारले होते ते हे नव्हे, आणि ते मला कळत होते. 'सेड टू कंटेन' कसे म्हणावे हे मला कचेरीत शिकवले होते. मी ते घरी येऊन म्हटले.

ही माझी आत्या धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या गाण्याच्या आधाराने चालतात. शेकडो ओळी तिच्या तोंडी होत्या आणि मंडप पाहून, वधूवरांची घरे पाहून ती त्यांत नव्या ओळी जोडीत असे. मी चार-पाच वर्षे तिच्यापाशी बसून ती गाणी उतरवून घेतली, त्यांना प्रस्तावना लिहिली आणि माझे दुसरे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून माझे नाव आहे. तिचे नाव आत, ऋणनिर्देशात, 'आणि इतर अनेक मायभगिनी' या शब्दांच्या आधी. पुस्तकाला एक पुरस्कारही मिळाला. तो घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. तिने सन्मानचिन्ह हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "ह्यात माजी गानी हायेत?" मी हो म्हटले. पुढच्याच वर्षी ती वारली.

हिशेब असा आहे. जमिनीच्या कागदावर मजकूर माझा, आणि बांधली गेली ती. पुस्तकात मजकूर तिचा, आणि नाव झाले माझे. दोन्ही ठिकाणी लिहिणारा हात माझाच होता, म्हणजे त्या कार्यकर्त्याच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही ठिकाणी मी लेखक. आणि या साऱ्यातला एक शब्दही माझ्या कुठल्या कथेत, कुठल्या लेखात आजवर आलेला नाही. मग निमंत्रणपत्रिकेवरचा तो शब्द मला का टोचला, हे आता वाचकांना सांगायला नको.

बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि आपण कवयित्री आहोत असे त्यांनी कधी मिरवले नाही. त्यांची गाणी ज्या घरात उतरवून ठेवली गेली त्या घरातला मुलगा, सोपानदेव, स्वतः नावाजलेला कवी होता. अत्र्यांनी ती वही पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघाले, ते आईच्या नावाने. लिहून देणारी ती, उतरवून घेणारे दुसरे, हे त्या घराला स्वच्छ कळले होते. पंचेचाळीस-पन्नास वर्षांनंतर, पदवी खिशात असून, ते मला कळले नाही.

आमच्या पनवेल तालुक्यातच शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. त्यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणून ओळखतो. पण पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते, म्हणजे पेशाने आमच्यापैकी, कागद करणारे. बंड मोडत चालले असताना १८७९ साली त्यांनी आपली हकीकत लिहून काढली आणि रोजनिशीही ठेवली. जुलैमध्ये ते पकडले गेले, आणि ते हस्ताक्षरच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टापुढे आले. जन्मठेप झाली. १८८३ च्या फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची गणना लेखकांत होत नाही. व्हावी असा माझा हट्टही नाही. पण लिहिलेला शब्द आणि लिहिणारा माणूस यांच्यात किती कमी अंतर असू शकते, हे मी शिरढोणवरून जाताना मनाशी मोजतो.

जोतीराव फुल्यांची गोष्ट त्याहून आमच्या विषयाजवळची. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने फुल्यांना निमंत्रण गेले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांना दोन वर्षे झाली होती. ग्रंथकार म्हणून त्यांना बोलावणे योग्यच होते. त्यांनी पत्र लिहून नकार दिला. आशय असा की, जे लोक सर्व माणसांना माणसाचे हक्क द्यायला मनापासून तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. येथे लक्षात घ्यायचे ते हे की, "छे हो, मी कसला ग्रंथकार!" असे त्यांनी म्हटले नाही. लाजले नाहीत. आपण ग्रंथकार आहोत आणि म्हणूनच तुमच्यात बसू शकत नाही, असा त्या नकाराचा अर्थ आहे. आणि नव्वद वर्षांनी, १९७५ साली, कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावर दुर्गाबाई भागवत होत्या. देशात आणीबाणी होती. मिरवण्याची एवढी मोठी जागा हाती आली असताना त्यांनी तेथून लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली आणि पुढे तुरुंगवास पत्करला. एकाने आसन नाकारून लिहून दिले, दुसरीने आसनावर बसून. आसनाचा प्रश्नच नव्हता.

यावर आक्षेप येतील ते मला दिसतात. पहिला असा: साहित्य म्हणजे खत नव्हे, कल्पनेला कायद्याच्या बंधनात घातले तर ललित वाङ्मय मरेल. कला की जीवन हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांनी गाजलेला वाद मला पुन्हा उकरायचा नाही. कल्पनेशी माझे वैर नाही. पण एक उदाहरण देतो. १९८४ च्या लढ्यावर माझी एक कविता आहे. तिच्यातला 'मी' मोर्च्यात पुढे आहे, त्याच्या कानाजवळून गोळी जाते. खरी गोष्ट अशी की, त्या दोन्ही दिवशी मी घरात होतो. आईने दाराला बाहेरून कडी घातली होती, आणि ती घातली याचे मला आतून बरेच वाटले होते. कवितेतला 'मी' कोणीही असू शकतो, हे मान्य. त्याबद्दल मी कोणाची क्षमा मागणार नाही. पण दर जानेवारीत हुतात्म्यांच्या स्मरणसभेत ती कविता वाचल्यावर टाळ्या घेणारा मी कल्पनेतला नसतो. लोक जवळ येऊन विचारीत, "काका, गोळी किती लांबून गेली?" आणि मी नुसता हसत असे. कल्पना तेथे संपते आणि लबाडी सुरू होते. कवितेला हमीची गरज नाही; कवीला आहे. आणि मनात येते की, कडी घातलेल्या दाराआड बसलेल्या वीस वर्षांच्या पोराची कविता मी लिहिली असती, तर ती कदाचित खरोखरीची कविता झाली असती.

दुसरा आक्षेप: मग काय, तुरुंगात जातील तेच लेखक? नाही. तुरुंग ही फार थोड्यांच्या वाट्याला येणारी किंमत आहे. बहुतेकांना पडणारी किंमत लहान असते: एका लग्नाचे निमंत्रण येत नाही, एक भाऊ बोलायचा बंद होतो, पुढच्या वर्षी एका व्यासपीठावर बोलावत नाहीत. इतकी लहान किंमत असूनही आपण ती टाळतो, हीच तर शरमेची गोष्ट. आणि जेथे वाक्याची काहीच किंमत पडत नाही, तेथे त्याच्यावर सही असली काय आणि नसली काय?

तिसरा आक्षेप मित्रत्वाचा आहे: एवढे सारे असेल तर स्वतःला लेखक म्हणवूच नये, हे बरे नव्हे काय? माझे उत्तर याच्या उलट आहे. म्हणवावे. लिहिणाऱ्याने स्वतःला लेखक म्हणवलेच पाहिजे. पण ती पदवी म्हणून नव्हे. खताच्या डोक्यावर 'लिहून देणार' असे नाव घालतात तसे. म्हणजे या मजकुराबद्दल कोणाला विचारायचे ते लोकांना कळेल. "मी लेखक नाही" असे म्हणून छापणारा माणूस निनावी पत्र टाकणाऱ्याचा भाऊ आहे.

आणि खताला दुसरी बाजू असते. लिहून घेणार. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक दर दिवाळीला लेखकांकडून काही ना काही लिहून घेत आला आहे. वाचकहो, तुम्ही नुसते ग्राहक नाही. कागद घेताना माणूस जशी चौकशी करतो, तशी तुम्ही करावी. हे याने पाहिले आहे काय? विचारले तर उत्तर देईल काय? शालीकडे पाहू नका. तुम्ही विचारीत नाही, म्हणून आमच्यासारख्यांचे भागते.

असो. मी शेवटी दस्तऐवजांचा माणूस. लेख संपवताना कागद पुरा केला पाहिजे. आत्याच्या गाण्यांची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा मुखपृष्ठावर तिचे नाव असेल, माझे आत, उतरवून घेणारा म्हणून. भूखंड कधीच विकला गेला; त्यावर आज सात मजली इमारत उभी आहे. वडील गेले, चुलते गेले. वडिलांच्या वाट्याचे पैसे आम्हां दोघा भावांकडे आले. त्यांत आत्याचे जे होते, त्यातला माझ्याकडे आलेला भाग मी तिच्या मुलांना देणे लागतो. धाकट्या भावाच्या वतीने मी काही लिहून देऊ शकत नाही. त्याच्याशी बोलणे झाले, ते चांगले झाले नाही. हा अंक हाती आला की मी तो घेऊन आत्याच्या मुलांकडे जाणार आहे, आणि १९९७ च्या त्या कागदात काय लिहिले होते, ते तिने विचारले होते तसे, सारे वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतील, मला घरात घेतील की नाही, सांगता येत नाही.

जानेवारीत वाचनालयाचा समारंभ पुन्हा आहे. पत्रिकेवर माझ्या नावाआधी काय छापायचे, किंवा नाव छापायचे की नाही, ते त्या मुलाने हा लेख वाचून ठरवावे.